सरासरी मूठ

माणसावर कोणतंही संकट आलं की भोवतालचे लोक त्याला प्रथम काहीतरी पातळ प्यायला देतात. संकट तापाचं असो, बाळंतपणाचं असो, वार्षिक परीक्षेचं असो किंवा मुक्कामाला आलेल्या सासूचं असो. अडचणीच्या वेळी घन पदार्थांवर माणसाचा विश्वास उरत नाही. या सत्याचा शोध प्रथम कोणत्या देशात लागला याविषयी विद्वानांत मतभेद असतील. त्याला शासकीय स्वरूप मात्र प्रथम आमच्या गावात मिळालं. त्यासाठी नेमलेल्या समितीची मी चिटणीस होते, हे नम्रपणे नमूद करते.

समितीचं काम आता संपलं आहे. तिची हकीगत शेवटच्या साध्या दिवसापासून सांगावी, असं मला वाटतं. त्या दिवशी सांगण्यासारखं काहीही घडलं नाही. तसं मी त्याच संध्याकाळी शाळेच्या रोजनिशीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे. (नोंद : ‘विशेष काही नाही.’)

मंगळवार होता. सन १९६४, फेब्रुवारी महिना. मला पडसं झालं होतं. शाळेमागे शिक्षिका म्हणून मला मिळालेल्या खोलीत (एक खिडकी, तीनशे बारा पुस्तकं, घुशी वेगळ्या) मी समितीचा वार्षिक अहवाल लिहीत बसले होते. आईचं घर तिथून एकशे चाळीस पावलांवर. मी वाचनाला शांतता हवी म्हणून वेगळी राहत असे, आणि शांततेत व्यत्यय नको म्हणून आई दिवसातून चारच वेळा येत असे.

दुपारी ती चिंबोरीचं कढण घेऊन आली. आमच्या खाडीकाठच्या गावांत पडशावर दुसरं औषध नाही. खेकड्याचे बारीक पाय पाट्यावर वाटायचे, पाण्यात कालवून गाळायचे, त्यात लसूण, हळद, मिरी, चिंचेचा कोळ आणि मीठ घालून उकळायचं. पितळेच्या टोपात आणायचं आणि आजारी माणसाच्या डोक्याशी उभं राहायचं. शेवटची पायरी कोणत्याही पाककृतीत लिहिलेली आढळत नाही, पण ती वगळल्यास गुण येत नाही असा अनुभव आहे.

“पी गो बाय, गरम हाय तवर.”

“ठेव तिथं.”

“मीठ बघ.”

“बघते.”

“बघितलंस का?”

“आये, मी अहवाल लिहितेय.”

“कसला?”

“कढणाचा.”

आई थोडा वेळ टोपाकडे पाहत उभी राहिली, मग माझ्या कागदांकडे. “मंग पडसां कोनाला झायलां? तुना, का कागदाला?” असं म्हणून ती गेली.

ती गेल्यावर मी कढण प्यायले. पूर्ण प्यायले, शेवटी टोप तिरपा करून. नंतर समितीच्या नियम क्रमांक सातप्रमाणे टोप राखेनं घासला, धुतला, पालथा घालून वाळवला आणि संध्याकाळी रिकामा नेऊन आईच्या ओटीवर ठेवला.

इथे परक्या वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. त्यात काहीतरी घालून पाठवतात. मूठभर तांदूळ, चार सुके बोंबील, दोन शेवग्याच्या शेंगा, एका प्रकरणी मांजराचं पिल्लू. (पाठवणारी अडचणीत होती, त्यामुळे तक्रार झाली नाही.) आणि भांडं देताना तोंडानं म्हणायचं, ‘मीठ बरोबर होतं.’ मीठ बरोबर नसलं तर काय म्हणायचं, याची तरतूद नाही. रिकामं भांडं फक्त एका घरातून परत येतं : जिथे कुणी गेलं आहे त्या घरातून. सुतकात घरातली वस्तू बाहेर जात नाही, म्हणून.

आईनं टोप उचलला. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“कोन मेलं गो?”

मी तिला नियम क्रमांक सात सांगितला. ‘भांड्यातून जिन्नस परत पाठविण्याची प्रथा आरोग्यास विघातक असल्याने भांडे स्वच्छ धुऊन रिकामे परत करावे.’ हा नियम माझ्याच हातचा होता आणि त्यातील एकही शब्द कमी करण्यासारखा नव्हता. आई तो शेवटपर्यंत ऐकून हसली. तिला पुढचे चारच दात होते, आणि हसताना ती चारही दाखवत असे.

“बरां बाय,” ती म्हणाली. “नियम तर नियम.”

विशेष काही नाही.

बुधवारी सकाळी आई गेली. चुलीपुढे बसली होती, तशीच भिंतीला टेकली. डॉक्टरांनी कारण लिहिलं. ते बरोबर असावं.

आता समितीविषयी. तिची स्थापना एका तापातून झाली. सन १९६२च्या पावसाळ्यात दातार नावाचे एक विस्तार अधिकारी शाळेतल्या दूधभुकटीची तपासणी करायला आले. मुलांना दूध पाजलं जातं की नाही, हे पाहणं त्यांचं काम होतं. (पाजलं जात असे. मुलं ते शाळेमागे ओतत. तिथलं गवत पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं.) तपासणी चालू असतानाच दातार साहेबांना थंडी वाजून ताप भरला, रस्त्यावर चिखल झाल्यानं ठाण्याची एसटी आली नाही, आणि साहेब शाळेच्या बाकावर आडवे झाले.

साहेब शाकाहारी. म्हणून आईनं त्यांच्यासाठी कुळथाचं कढण केलं. तीन दिवस, तीन टोप. आई दर वेळी डोक्याशी उभी राहिली. चौथ्या दिवशी साहेब उठले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सामान्य माणसाला कृतज्ञता वाटली तर तो नमस्कार करतो. अधिकाऱ्याला वाटली तर तो परिपत्रक काढतो.

‘सांत्वनपर पातळ आहार योजना’ दोन महिन्यांत मंजूर झाली. तिचा उद्देश पहिल्याच परिच्छेदात इतक्या स्वच्छपणे मांडला होता, की मला आजही तो पाठ आहे : ‘सदर कढणाचा लाभ सध्या केवळ एका स्त्रीच्या मर्जीवर अवलंबून असून, तिच्या पश्चात गावाचे काय, हा प्रश्न गंभीर आहे.’ आई तेव्हा साठीची होती आणि दोन डोक्यांवर मावेल एवढं सरपण एकटी आणत होती. तिच्या पश्चातची चिंता करणारं आमच्या घराण्यात हे पहिलंच कार्यालय.

समितीत सात सभासद होते. शिकलेली मी एकटी, म्हणून चिटणीस मी. पहिलं काम ठरलं आईचं कढण लिहून काढण्याचं. मी तिच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसले. लसूण किती? “असेल तेवरा.” हळद? “पिवला होयाला लागेल तेवरी.” उकळायचं किती वेळ? “शेजारीन उठून जाई परयंत.” हे सर्व मी शास्त्रीय परिभाषेत उतरवलं. (शेजारीण : सरासरी २२ मिनिटं.) मिठापाशी मात्र काम अडलं.

मीठ आई मुठीनं घालत असे. आमचं गाव मिठागरांचं. मीठ हाताला येतं तेवढं घ्यायचं. मी म्हटलं, मूठ हे माप होऊ शकत नाही, कारण प्रत्येकीची मूठ वेगळी. देशात दशमान पद्धती नुकतीच आली होती आणि किलोग्रॅमवर माझी श्रद्धा होती. तेव्हा समितीनं ठराव केला की गावातल्या सर्व अनुभवी स्त्रियांच्या मुठी मोजाव्यात आणि सरासरी काढावी.

शाळेच्या तराजूवर तेवीस मुठी मोजल्या गेल्या. त्या दिवसाइतका उत्साह मी गावात नंतर निवडणुकीतही पाहिला नाही. सर्वांत मोठी मूठ शेजारच्या सगुणाची निघाली, चौतीस ग्रॅम. ती दिवसभर हात लुगड्यात लपवून फिरत होती. आनंदानं की संकोचानं, ते कळलं नाही. महापेहून लेकीकडे आलेल्या एका बाईंनी आपलीही मूठ मोजून घ्यावी असा हट्ट धरला. हद्दीबाहेरची असल्यानं ती नोंदवून बाद करण्यात आली. आईच्या मुठीनं मात्र प्रश्न उभा केला. मडक्यातून उचलताना ती एकवीस ग्रॅम भरली. टोपापर्यंत गेल्यावर तेरा.

कारण शोधण्यात आलं. आई बारा वर्षांची असताना एका चिंबोरीनं तिच्या उजव्या हाताची करंगळी धरली होती. तेव्हापासून ती करंगळी मिटत नसे. मूठ वळली तरी खाली फट राही आणि मडक्यापासून चुलीपर्यंत जाताना मीठ तिथून गळत जाई. आमच्या लहानपणी शेणानं सारवलेल्या जमिनीवर ही पांढरी रेघ नेहमी असायची. आम्ही ती ओलांडत नसू. का ते ठाऊक नाही. लहान मुलांचे स्वतःचे नियम असतात.

दातार साहेबांनी अहवालाच्या समासात शेरा मारला : ‘गळती ३८ टक्के. टाळावी.’

मी आईला तो वाचून दाखवला. “टालते,” ती म्हणाली.

तेवीस मुठींची सरासरी चोवीस ग्रॅम आली. नेमकी एवढी मूठ गावात कुणाचीच नव्हती. सरासरीचं थोरपण ते हेच, की ती कुणाच्याही बाजूची नसते. चौथीच्या वर्गानं हस्तव्यवसायाच्या तासाला चोवीस-चोवीस ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. कागद जुन्या उत्तरपत्रिकांचा. प्रत्येक पुडीवर शिक्का : ‘सरासरी मूठ. सांत्वनाकरिता.’ काही पुड्यांवर आतून गुणही दिसत. अंकगणितात पस्तीस पडलेलं मीठ आणि सत्तर पडलेलं मीठ चवीला सारखंच लागतं, असं आढळून आलं.

पुढच्या वर्षीच्या जानेवारीत सार्वजनिक प्रात्यक्षिक झालं. शाळेच्या पटांगणात तेवीस चुली, तेवीस टोप, तेवीस पुड्या. ऐरोलीहून निरीक्षक आले, उरणहून दोन बाया लाँचनं आल्या. परीक्षक दातार साहेब. कढण चिंबोरीचं आणि साहेब शाकाहारी, त्यामुळे परीक्षण पूर्णपणे निःपक्षपाती झालं. नाकाला रुमाल लावून त्यांनी प्रत्येक टोपात तापमापक बुडवला. गुण असे होते : उष्णता वीस, रंग वीस, प्रवाहीपणा वीस, झाकण घट्ट बसणं वीस, भांड्याची स्वच्छता वीस. चवीला गुण नव्हते, कारण चव मोजता येत नाही. त्यासाठी फक्त शेऱ्याचा रकाना ठेवला होता आणि तो चिटणीसानं भरायचा होता.

मी तेवीस कढणं चाखली. बावीस जणींच्या नावापुढे ‘समाधानकारक’ लिहिलं. आईच्या नावापुढे माझा हात थांबला. सार्वजनिक कामात नात्यागोत्याला स्थान असू नये, असं मी अनेक थोर पुस्तकांत वाचलं होतं. त्या पुस्तकांच्या लेखकांना कढण करणारी आई होती की नाही, याचा उल्लेख प्रस्तावनेत नव्हता. मी लिहिलं : ‘अभिप्राय राखून ठेवला आहे.’

आईला वाचता येत नव्हतं, पण कुणाच्या नावापुढे किती अक्षरं आहेत एवढं कळत होतं.

“बाकीच्यांचां येवरांसां. माजां लांब कशाला लिवलंस? काय लिवलंस?”

“राखून ठेवलंय.”

“कोनासाठी?”

“आये, कुणासाठी नाही. अजून सांगितलं नाही, एवढंच.”

“मंग सांग.”

“इथं नाही सांगता येत.”

आईनं आपल्या टोपातलं कढण पुन्हा एकदा चाखलं. “याला कोनाचा हातच नाय गो,” ती म्हणाली, तक्रारीच्या सुरात नव्हे. हवामानाविषयी बोलावं तसं. आणि टोप घेऊन घरी गेली.

त्यानंतर वर्षभर योजना उत्तम चालली. आजारी पडलेल्यांची संख्या एकशे सात. कढण पोहोचल्याचं प्रमाण शंभर टक्के. बरे झालेले एकशे चार. उरलेल्या तिघांनी पुडी न वापरल्याचं निष्पन्न झालं असतं, पण ते विचारायला उशीर झाला होता. एकच नियम असा निघाला की जो गावानं पाळायचं साफ नाकारलं. तो म्हणजे सात. माझ्याकडून पुडी नेणाऱ्या, शिक्क्याचं कौतुक करणाऱ्या बाया भांडं मात्र रिकामं पाठवेनात. सगुणा तर माझ्या तोंडावर म्हणाली, “बाय, तुजां सगलां आयकन. पन माजा टोप रिकामा आयला, तर तुज्या दारात बसून रडन मी.” अहवालात मी लिहिलं : ‘नियम ७ची अंमलबजावणी : एक घर.’ ते घर माझं, मंगळवारच्या टोपापासून.

बुधवारी ही परिस्थिती पालटली.

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात दहा दिवस चूल पेटत नाही आणि मासळी शिजत नाही. शेजारपाजारच्या बाया कुळथाचं कढण आणि भात आणून देतात. समितीनं यासाठी दिवसाला दोन घरं असा क्रम लावून दिला होता. तक्ता शाळेच्या दारावर होता. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत एकोणीस टोप आले.

मी आईच्या घरात भिंतीशी बसले होते. एकेक बाई आत येई, टोप ठेवी, झाकण काढी, वाटीत कढण ओती आणि माझ्या डोक्याशी उभी राही. ते नियमांत नव्हतं. मी एक घोट घेई. मग ती विचारी,

“मीठ बरोबर हाय का गो, बाय?”

आणि मी म्हणे, “अगदी बरोबर.”

एकोणीस वेळा. एकीलाही मी थांबवून ठेवलं नाही. मला अहवाल लिहायचा नव्हता, नात्याचा प्रश्न नव्हता, माणसं चांगली होती. बरोबर म्हणायला असं किती लागतं? पाव सेकंद. मी मनातल्या मनात मोजलंही. एकोणीस टोपांना मिळून पावणेपाच सेकंद.

कढण खारट होतं. मुठी मोजल्या होत्या घरभराच्या टोपाच्या, आणि हे टोप होते एका माणसापुरते. प्रत्येक कढण, अगदी त्याच मापानं खारट. डोळे मिटून प्यायले असते तर ते यशोदाबाईंच्या घरचं की भागीरथीच्या, ते सांगता आलं नसतं. योजनेचं उद्दिष्ट हेच होतं. ती चव मी ओळखली. ती गावातल्या कुणाच्याही हाताची नव्हती. ती माझी होती.

विसावी आली सगुणा.

“मीठ बरोबर हाय?”

“अगदी बरोबर.”

“खोटां नको बोलू,” सगुणा म्हणाली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. “खारट ढोन झायलां. तुजी पुडी वापरली ना. दुखवट्याच्या घरी तरी नियम पालावा म्हनलां.”

“मग आई कशी वापरायची पुडी?” मी विचारलं. “तिचं खारट नसायचं.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा अभिप्राय आहे, आणि तो चुकीच्या माणसाला दिला गेला आहे.

“मी इचारलेलां काकीला,” सगुणा म्हणाली. “तर बोलते, पुडी फोरायची, मुठीत वतायची, नि चुलीपरयंत चालत जायाचां. गलेल तेवरां गलेल. पोरीचा नियम बी रायला नि कढन बी रायलां.”

मी जमिनीकडे पाहिलं. इतक्या माणसांच्या पायांखाली जमीन दिसत नव्हती. पण मिठाच्या मडक्याच्या बुडाशी एक चौकोनी कागद पडला होता, माझा शिक्का असलेला. आणि तिथून चुलीच्या दिशेनं, जिथपर्यंत लोकांनी पाय दिला नव्हता तिथपर्यंत, हातभर लांबीची पांढरी रेघ होती. मंगळवारची.

लोकांनी नंतर सांगितलं, मी बसल्या जागेवरून हात पसरून सगळ्यांना तिकडून जायला बंदी केली. मला आठवत नाही. दुःखात माणसं नियम करतात.

ते वीसही टोप दुसऱ्या दिवशी मी घासले आणि एकेका दारात नेऊन ठेवले. रिकामे. कुणीही तक्रार केली नाही. बाया टोप हातात घेत, आत पाहत आणि मान खाली घालून आत जात. नियम क्रमांक सातची शंभर टक्के अंमलबजावणी झाली. मी शाळेत जाऊन अहवालात तशी दुरुस्ती केली. अहवाल चालू वर्षाचा असल्यानं ते कर्तव्यच होतं.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक प्रकार घडला. भेटायला आलेली मंडळी बसली होती. माझा चुलतभाऊ धर्मा आईचे गुण सांगत होता. तेवढ्यात चुलीमागून खरखर ऐकू आली. धर्मा थांबला. खरखर थांबली. धर्मानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खरखर. एका म्हातारीनं जागच्या जागी हात जोडले. दोघं बाहेर तंबाखू खायला म्हणून गेले ते परत आले नाहीत.

सगुणानं जाऊन पाहिलं. चुलीमागे आईचा टोप होता. मी रिकामा आणून दिलेला तोच. त्यावर ताटली, ताटलीवर वरवंटा. आत ओल्या फडक्यात दोन चिंबोऱ्या. बुधवारी पहाटेच्या ओहोटीला आई बांधावर जाऊन आली होती, हे तेव्हा समजलं. पडसं एका कढणानं जात नाही. दुसरं लागतं.

मी रिकामा दिलेला टोप तिनं उजाडेपर्यंतही रिकामा राहू दिला नव्हता, एवढीच या प्रकाराची नोंद.

सुतकात चिंबोऱ्यांचं काय करायचं, हे कोणत्याच नियमात नव्हतं. मी टोप उचलला आणि खाडीवर गेले. मागून सगळे आले. अशा वेळी माणसाला एकटं सोडत नाहीत. एक चिंबोरी सोडल्याबरोबर चिखलात शिरली. दुसरीनं जाता जाता माझी करंगळी धरली. चिंबोरीनं बोट धरलं की ओढायचं नसतं, हात पाण्यात बुडवून स्थिर धरायचा असतो. ती आपण होऊन सोडते. मी गुडघाभर पाण्यात वाकून उभी राहिले. त्या वेळी माझ्या डोळ्यांतून जे पाणी आलं त्याचं कारण काठावरच्या सर्वांना स्पष्ट दिसत होतं. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. चिंबोरीनं बराच वेळ दिला. गेल्या दोन दिवसांत माझी एवढी सोय दुसऱ्या कुणी केली नव्हती.

करंगळी आता मिटते. मी रोज पाहते.

दहाव्या दिवशी खाडीच्या बांधावर पिंड ठेवला. धर्मानं सगळं यथासांग केलं आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो. हा विधी सर्वांना माहीत आहे. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग जिवंत माणसांनी मोठ्यानं आश्वासनं द्यायची. जी बोलून दाखवायची राहिली ती इच्छा सापडली, की कावळा उतरतो. कोणत्याही कार्यालयात अर्ज इतक्या तत्परतेनं निकालात निघत नाहीत.

सुरुवातीला एक कावळा आला, बांधाच्या खांबावर बसला आणि पिंडाकडे पाठ केली.

“काकी, छप्पर शाकारून घेईन,” धर्मा म्हणाला.

कावळा हलला नाही.

“येत्या पावसाच्या आत घेईन.”

नाही.

“जमुनाचं लगीन लावून देऊ,” धर्माच्या वडिलांनी गर्दीतून सांगितलं. जमुना म्हणजे मी. वय चौतीस. या आश्वासनाबाबत माझ्याशी पूर्वचर्चा झालेली नव्हती. कावळ्याशीही नसावी, त्यानं पंख झाडले.

दातार साहेब मुद्दाम आले होते. डोक्यावरची टोपी काढून ते पुढे झाले आणि जड आवाजात म्हणाले, “पुतळाबाई, ही योजना आम्ही संपूर्ण तालुक्यात लागू करू.”

कावळा उडून पुढच्या खांबावर गेला.

ऊन डोक्यावर आलं. सगुणानं एकदा आपल्यावर आरोप नसताना कबूल केलं की काकीचा जुना पाटा तिच्याकडेच आहे. यशोदाबाईंनी मांजराच्या पिल्लाचा विषय काढला. कावळा सगळं ऐकून घेत होता. मग हळूहळू सगळे माझ्याकडे पाहू लागले. टोप ठेवून उभ्या राहतात तशा बाया उभ्या होत्या, डोक्याशी.

इथे मी वाचकांना क्षणभर थांबवते. आपण हे टिपण गेली दहा-पंधरा मिनिटं मन लावून वाचत आहात, मधूनमधून हसलाही असाल, त्याबद्दल समिती आभारी आहे. या काळात आपल्या कोपराशी कुणीतरी वाटी ठेवून गेलं आहे का, हे कृपया पाहावं. थोडा वेळ ते माणूस तिथं उभं होतं. त्यानं काहीतरी विचारलं. आपण वाचता वाचता ‘हं’ म्हणालात. वाटी अजून कोमट असेल. माझ्या पाहणीप्रमाणे यासाठी पाव सेकंद पुरतो, आणि आपल्याकडे तो आहे. माझ्याकडे एकशे चाळीस पावलांचा रस्ता होता आणि चौतीस वर्षं होती. ती कुठं गेली, ते अहवालात सापडत नाही.

मी चष्मा काढला. बांधाच्या कडेपर्यंत गेले. शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जावं अशा वर्गातल्या आवाजात, कावळ्याकडे नव्हे, खाडीकडे तोंड करून म्हणाले :

“आये, मीठ बरोबर होतं. दर वेळी बरोबर होतं.”